सांबराला गोळी कुठली?

सफाळ्याचा तांदुळवाडी किल्ला आज आपण ट्रेकसाठी चढतो. आमच्या घरच्या म्हाताऱ्यांना मात्र ते डोंगर म्हटले की शिकार आठवायची, आणि वाद ठरलेला: सांबराला गोळी कुठली?

भेकराला जवळून बारा बोअरचा छर्रा पुरे. सांबराचा नर दोनशे किलोंच्या पुढचा, अमेरिकेतल्या एल्क हरणाचा भाऊबंदच. त्याला रायफल हवी. .३०३ फौजी काडतूस म्हणून इंग्रजांनी खाजगी लोकांना बंद केलेलं. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची.३१५ रुळली.

पण खरी मेख गोळीच्या टोकात. धातूचं पूर्ण कवच असलेली गोळी आरपार निघून जाते. उघड्या शिशाच्या टोकाची आत गेल्यावर फुलते. कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात अशी गोळी फौजेसाठी बनली आणि १८९९ साली हेग परिषदेने फुलणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. माणसासाठी क्रूर ठरलेली हीच गोळी शिकारी मात्र दयेची मानतात! ऐकायला विचित्र वाटतं, पण आरपार गोळी लागलेलं जनावर मैलभर पळतं आणि रानात रखडत मरतं. रक्ताचा माग काढत ज्यांनी रात्र घालवली, ते याबद्दल कमीच बोलत.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम बसला, १९९१च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले. आमच्याकडची बंदूक त्याआधीच पोलिसात जमा झाली होती. वाद मात्र चालूच राहिला.