भिंतीच्या पायथ्याशी गळ

मे महिन्यात पैठणला भर दुपारी नदीकाठी माणूस दिसला, तर तो एक तर कुणाच्या अस्थी घेऊन आलेला असतो, नाही तर गळ टाकून बसलेला. पहिल्याचा नाइलाज असतो. आज बोलायचे आहे ते दुसऱ्याविषयी.

पैठणचे ऊन काय असते, हे मराठी माणसाला सांगायला हवामान खाते लागत नाही. एकनाथ महाराजांनी गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे पोर उचलून कडेवर घेतले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. त्या गोष्टीतले ऊन आजही तेच आहे. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, दगडावर हात ठेववत नाही. अशा दिवसांत जायकवाडी धरणाच्या खाली, मनाई केलेली हद्द सोडून पुढे, काठाने पाचदहा माणसे बसलेली असतात. डोक्याला पंचा, शेजारी पाण्याची बाटली, हातात तंगूस.

काही वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरहून पहाटे निघून मी तिथे गेलो होतो. एका वयस्क भोईमामांपाशी जाऊन बसलो आणि अगदी शहरी प्रश्न विचारला, “मामा, एवढ्या उन्हात मासा लागतो का?” मामा म्हणाले, “उन्हात कुठं लागतो? ऊन व्हायच्या आत लागतो. आता मी ऊन खातोय.”

यात शास्त्र आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशाच्या पाण्यात सातच्या आसपास. दुपारी रोहू, कटला यांच्यासारखे मासे खोल जाऊन गप्प राहतात, आमिषाकडे बघतही नाहीत. पहाटे आणि तिन्हीसांजेला तोंड उघडतात. अपवाद मरळीचा. ती वर येऊन हवेतला श्वास घेते, म्हणून कोमट, चिखलट डबक्यातही तगते. भर उन्हात बसणारा बहुधा तिच्याच मागावर असतो, बेडकी लावून. आणि धरणाखालीच का? तर भिंतीतून पाणी सुटते तेव्हा ते जलाशयाच्या खालच्या थरातले, थंड असते. आपटत, फेसाळत आलेल्या पाण्यात हवाही मिसळते. उन्हाने बेजार झालेला मासा त्या धारेकडे ओढला जातो, आणि माशामागोमाग माणूस.

ही विद्या मात्र धरणापेक्षा फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३०च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे राज्य या गोदाकाठावरही होते. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो कांडताना बायका ओवी गातात या त्यातल्या उल्लेखामुळे. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. खवल्यांचे मासे कोणते, कातडीचे कोणते, गोड्या पाण्यातले कोणते, त्यांना काय खाऊ घालावे, दोर आणि काठी कशी असावी, हे सारे राजाने लिहून ठेवले आहे. १९५१ साली मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला. माझा आपला एक संशय आहे : राजाला हे सांगितले असणार एखाद्या भोयाने किंवा कोळ्यानेच. त्याचे नाव ग्रंथात असायचे कारण नाही.

असेच सातशे वर्षांनी पुन्हा घडले. विल्यम सायक्स हा कंपनी सरकारच्या लष्करातला अधिकारी दख्खनमध्ये माहिती गोळा करीत हिंडला. १८३८च्या सुमारास त्याने दख्खनच्या माशांवर लंडनमध्ये निबंध सादर केला. मासे आणून देणाऱ्यांनी जी नावे सांगितली तीच त्याने कानाला लागली तशी शास्त्रीय नावांत बसवली. खुद्री, कोलस, बोग्गुट, वट्टना, रोहटी! जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत दख्खनच्या महासीरला आजही ‘तोर खुद्री’च म्हणतात. आपल्या नदीकाठची बोली लॅटिनच्या शेजारी मानाने बसली आहे, आणि इथे आपल्याला बाजारात रोहू-कटल्यापलीकडे नाव सांगता येत नाही.

जुन्या गोदावरीचा उन्हाळा कसा असे, ते मामांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेले. चैत्रात धार बारीक होई, वैशाखात नदीचे डोह उरत. मासे डोहांत गोळा होत आणि मासेमारी तिथेच चाले. मग मृगानंतर कधीतरी, पैठणात थेंबही नसताना, नाशिककडच्या पावसाचे गढूळ पाणी येई. त्या पाण्यावर मासा उलटा, वरच्या अंगाला निघे, अंडी घालायला. त्याला आपल्याकडे ‘चढणीचा मासा’ म्हणतात. तो उथळ पाण्यात काठाशी येतो, जाळ्यावाचूनही हाती लागतो. उन्हाळाभर गळ टाकणारा माणूस खरी वाट बघे ती या चढणीची.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे, १०२ टीएमसीच्या घरातला साठा. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती. धरण पैठणला आले, नाव तेवढे मागून आले. जलाशयाला नाथसागर म्हणू लागलो. मराठवाड्याच्या शेतीला आणि आमच्या शहराच्या नळाला या पाण्याने जगवले. त्यासाठी शंभरावर गावांनी घरे सोडली. तेव्हा धरणाला नावे ठेवायला मी बसलेलो नाही. सकाळी नळ सोडूनच मी पैठणला निघालो होतो.

पण माशाची वाट बंद झाली. त्याला वर जायला जिना कुणी ठेवला नाही. खालून चढून आलेला मासा भिंतीशी येऊन थबकतो, आणि तिथे गळवाले बसलेले असतात. शिवाय पावसाळ्यातही नदीला पाणी येईल की नाही, हे आता आभाळ एकटे ठरवत नाही. वर दारणा, भंडारदरा, मुळा आहेत. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी किती पाणी सोडायचे, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. उन्हाळ्यात इथून सुटणारे पाणी मुख्यतः कालव्यांना जाते. नदीला मिळते ते आपेगाव, हिरडपुरीच्या बंधाऱ्यांसाठी, आवर्तन ठरेल तेव्हा. मामा पंचांग बघत नाहीत, पाटबंधारे खात्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन करतात.

माशाची सोय सरकारने वेगळी केली. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. त्यानंतर माशाला पुराची गरज उरली नाही, निदान माणसाला तसे वाटू लागले. पैठणलाही धरणाजवळ मत्स्यबीज केंद्र झाले. मूळच्या उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले रोहू, कटला, मृगळ नाथसागरात वाढू लागले. आमच्याकडे गोदेलाही गंगाच म्हणतात, तेव्हा एका गंगेचे मासे दुसरीत आले, एवढेच म्हणायचे. त्यांच्या पाठोपाठ आली चिलापी. मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणलेली. तिला ना पुराची गरज, ना चढणीची. पिले तोंडात सांभाळते आणि साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वाढवते. भिंत घालून आपण नदीचा जो तलाव केला, तो जणू तिच्यासाठीच केला.

त्या दिवशी दहाच्या सुमारास मामांनी पिशवी दाखवली. सात-आठ चिलाप्या, एक लहान मरळ. “खडशी, कोळशी आता दिसते का?” मी सायक्सच्या यादीतली नावे माझ्या परीने मराठी करून विचारली. मामा थोडे थांबले. “नावं कुणी सांगितली तुम्हाला?” म्हणाले. मग दुसरी नावे त्यांनीच सांगितली, तीन-चार, जी माझ्या यादीत नव्हती. ती लिहून घ्यायला मी खिसा चाचपला, तर पेन गाडीत राहिलेले.

मामांनी गळ गुंडाळला. पाण्याच्या इतके जवळ बसू नका, म्हणाले, आवर्तन सुटलं तर भोंगा होतो, पण वारा उलटा असला की ऐकू येत नाही. ऑगस्ट २००६च्या पुरात पैठणात शिरलेले पाणी त्यांनी पाहिलेले होते. उतरत्या बाभळीच्या सावलीत त्यांनी पंचा अंथरला. चार वाजता पुन्हा बसायचे होते.