नोंदवहीतली तान्ही बाळं



आज एका जुन्या वहीची गोष्ट सांगते. वही आहे चर्चची, आणि तीही दूर स्वीडन देशातली. तिथे १६८६ च्या कायद्याने प्रत्येक गावच्या पाद्र्याला नोंदी ठेवाव्या लागत. कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोणाला पुरलं. पुढे १७४९ पासून आणखी एक काम वाढलं. किती माणसं कोणत्या वयात आणि कशाने गेली, याचा तक्ता भरून सरकारला पाठवायचा. पहिले आकडे जमले तेव्हा देशाची लोकसंख्या इतकी कमी निघाली, की सरकारने ती गुपितच ठेवली. शत्रूला कळलं तर काय घ्या!

पुरल्याच्या वहीत तान्ह्या बाळाची ओळ अगदी छोटी असते. तारीख, बापाचं नाव, घर, वय. वयाच्या जागी कधी तीन आठवडे, कधी दोन महिने. आईला काय वाटलं, याला रकाना नाही. अशी एकच ओळ वाचून हळहळण्यापलीकडे काही होत नाही. पण जन्माची वही शेजारी ठेवली आणि दोन्ही मोजल्या, की वही बोलायला लागते. वर्षात गावात शंभर बाळं जन्मली आणि त्यातली तीस पहिल्या वाढदिवसाआधी गेली, तर हजारी तीनशे. बालमृत्यूचा दर काढायची रीत आजही हीच आहे.

स्वीडनच्या अगदी उत्तरेला, फिनलंडच्या सीमेवर, नेदरतोर्नेओ नावाचा गावांचा एक समूह आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात हजारी दीडशे ते दोनशे बाळं जात होती. नेदरतोर्नेओत हा आकडा तीनशेच्याही वर होता. तिथे दुष्काळ नव्हता. घरोघरी गाई होत्या, दूध होतं. मग बाळं का जात होती?

घोळ त्या दुधातच होता. तिथल्या बायका बाळाला अंगावर पाजत नसत. गायीचं पोकळ शिंग घ्यायचं, टोकाला भोक पाडायचं, त्यावर चामड्याचा किंवा कापडाचा तुकडा बांधायचा, आत गायीचं दूध ओतायचं आणि ते बाळाच्या तोंडात द्यायचं. असं शिंग आतून घासून स्वच्छ करणं किती कठीण, हे भांडी घासणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. दूध नासायचं, बाळाला हगवण लागायची.

वहीतल्या तारखा पाहिल्या की याला दुजोरा मिळतो. बर्फाचा देश, म्हणून वाटेल की बाळं थंडीने गेली असतील. पण तान्ह्या बाळांच्या मरणाच्या तारखा उन्हाळ्यात दाटलेल्या दिसतात. दूध लवकर नासण्याचे हेच दिवस, आणि गवतकापणीचेही हेच. तिकडचा उन्हाळा आखूड. वर्षभराचा चारा तेवढ्यातच गोळा करायचा. गुरं आणि गवत ही बरीचशी बायकांची कामं. बाई कुरणात, बाळ घरी कोणा मोठ्या पोरीच्या हाती, आणि सोबत ते शिंग.

मूल अंगावर पीत नसलं की आईला पुन्हा दिवस लवकर जातात. म्हणजे बाळंतपण, मरण, पुन्हा बाळंतपण. हे चक्र त्या बाईच्या अंगावर किती वर्षं फिरलं असेल!

आणि दोष कुणाला? आईलाच. सरकारी तक्त्यात मरणाच्या कारणांमध्ये एक छापील रकानाच होता, आईच्या किंवा दाईच्या अंगाखाली गुदमरलेली मुलं. असं कधी घडलंही असेल. पण रात्रीत अचानक गेलेलं आजारी बाळही त्याच रकान्यात जात असणार, असं मला वाटतं. उत्तरेकडच्या आयांना तर माया नाही, असंच बोललं जायचं. आंदेश ब्रेंडस्त्रम या इतिहासकाराने १९८४ मध्ये नेदरतोर्नेओवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच आहे ‘मायाहीन आया’. चर्चच्या नोंदी एकेक करून जुळवून त्याने ही सगळी परिस्थिती उलगडली. त्या बायकांनी आपल्या आईला, सासूला शिंगच वापरताना पाहिलं होतं. आपल्याकडे पहिला चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, असं करणाऱ्या आज्यांना कोणी मायाहीन म्हणेल का?

एक गोष्ट मात्र वही वाचताना विसरायची नाही. नोंद नाही म्हणजे बाळ नव्हतंच, असं नसतं. तिथे बाप्तिस्म्याआधी मूल जाऊ नये म्हणून लोक घाई करत, तरीही काही जन्मताच जात, आणि अशांची नोंद कुठे नीट व्हायची, कुठे नाही. आपल्याकडे बारशाआधी गेलेल्या बाळाचं असंच होतं. नाव ठेवलेलं नसतं, घरातले बोलत नाहीत, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात ना जन्म लागतो ना मृत्यू. कायद्याने दोन्ही एकवीस दिवसांत नोंदवायचे असतात.

१८३० च्या दशकात तिथल्या सरकारी डॉक्टरने हे आकडे आणि ती शिंगाची रीत वर कळवली. मग शिकलेल्या सुईणी आल्या. सुईण बाळंतिणीच्या उशाशी बसायची, बाळाला छातीशी धरून दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. नुसत्या उपदेशाने हे झालं नसतं. पाद्रीही तेच सांगू लागले. गवत तेवढंच कापायचं होतं, उन्हाळा तेवढाच आखूड होता. तरी पुढच्या काही दशकांत पुरल्याच्या वहीतल्या त्या छोट्या ओळी विरळ होत गेल्या, आणि सगळ्यात आधी विरळ झाल्या त्या उन्हाळ्यातल्या.