हिरव्या रश्शाची सनावळ

गोव्यातील ख्रिस्ती घरांत जेवणाच्या प्रारंभी जे हिरवे सूप वाढले जाते, त्यास 'काल्दु व्हेर्द' म्हणतात. काल्दु म्हणजे रस्सा, व्हेर्द म्हणजे हिरवा. आमच्या परिचयाचे 'काल्दीन' हे त्याच काल्दुचे लघुरूप. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलाची खूण म्हणून आम्ही गोमंतकीय या सुपाकडे पाहत आलो. कोणी कौतुकाने, कोणी कडवटपणाने. कचेरीत आयुष्य गेल्यामुळे कोणताही कागद पुढे आला की आधी तारीख पाहण्याची आम्हांस खोड आहे. तीच येथे उपयोगी पडली.

हा पदार्थ उत्तर पोर्तुगालमधील मिन्यु प्रांताचा, शेतकऱ्याच्या घरचा. बटाटे, कांदा व लसूण मिठाच्या पाण्यात शिजवून घोटावयाचे. तेथील कोबी गड्डा धरीत नाही. तिची पाने केसासारखी बारीक चिरून अखेरच्या उकळीत सोडावयाची व रंग टिकेल इतकीच शिजवावयाची. वरून ऑलिव्हचे तेल, चोरीसची एखादी चकती आणि सोबतीला मक्याचा पाव. गोव्यात त्या कोबीची जागा बहुधा पालकाने घेतली.

आता तारखा पाहू. आल्बुकर्कने गोवा जिंकला 1510 मध्ये. बटाट्याची मायभूमी असलेल्या पेरूत स्पॅनिश फौज पोहोचली 1532 मध्ये. पोर्तुगालच्या शेतांत बटाटा खऱ्या अर्थाने रुजला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर उत्तरेकडील गरिबाचे पोट चेस्टनटवर भरत असे. म्हणजे आज आपण जाणतो ते सूप विजेत्यांच्या गलबतांतून आलेले असणे शक्य नाही.

मग कडवटपणा कोठून आला? त्याचे उत्तर वेगळ्या कागदात आहे. 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात नवख्रिस्त्यांना ज्या हिंदू चाली वर्ज्य ठरविल्या, त्यांत मीठ न घालता भात शिजविणे हीही एक होती. चुलीवरील मडकेच जेथे धर्माचा साक्षीदार ठरले, तेथे शेजाऱ्याच्या रश्शाविषयी हिंदू घरांनी अंतर राखले, यात नवल ते काय! चोरीस डुकराच्या मांसाची. तेही कारण होतेच. परंतु फर्मानाचा दोष सुपाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

भाषेने मात्र हे अंतर पाळले नाही. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज 'बताता'वरून आला, 'कोबी' 'कोव्ह'वरून. सुपाचे दोन्ही मुख्य घटक मराठीने नावांसकट घेतले. इतकेच नव्हे, तर परदेशी बटाटा आम्ही एकादशीच्या उपासालाही चालवून घेतला. सुपास नाकारणाऱ्या घरांत त्याचा अर्धा ऐवज देवघराच्या शेजारी शिजत होता!

या बटाट्याची एक अखेरची हकीकत सांगण्याजोगी आहे. 1955 मध्ये भारताने गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले आणि घाटावरून येणारा नेहमीचा माल थांबला. तेव्हा पोर्तुगीज सरकारने बटाटा हॉलंडहून आणविला. सुपात पडला तोच, भाजीत पडला तोच. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि घाटावरचा बटाटा पुन्हा खाली उतरू लागला.