चंद्राच्या खोऱ्यातली घोडवाट

द्राक्षबाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे छाटणी, विरळणी आणि अवकाळी पावसाची धास्ती येते. आजची गोष्टही द्राक्षांच्याच मुलखातली, पण अमेरिकेतली. कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला सोनोमा नावाचा भाग आहे. तिथली द्राक्षं मुख्यतः वाइनसाठी जातात. त्या भागात ग्लेन एलन गावाशेजारी डोंगराच्या उतारावर एक मोठं सरकारी उद्यान आहे. उद्यान म्हणजे झोपाळे-घसरगुंडीची बाग नव्हे. शेकडो एकरांचं रान आहे ते. त्यात जुने गोठे, पडक्या भिंती, एक तळं आणि मैलोन्‌मैल वाटा. लोक त्या वाटांवर पायी जातात, घोड्यावरून सहलीला जातात, आणि शेजारी द्राक्षबागा दिसत राहतात.

पूर्वी इथे कोहलर आणि फ्रोलिंग या वाइन कंपनीच्या बागा होत्या. तिथलं दगडी काम चिनी मजुरांचं. सोनोमातल्या कितीतरी बागा लावल्या त्यांनी, वाइन साठवायची भुयारं खणली त्यांनी, आणि १८८२ साली अमेरिकेने कायदा करून त्यांच्या भाईबंदांना देशात यायची बंदी केली. त्याच सुमारास फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने मुळं खाऊन या भागातल्या बागा बसवल्या. उपाय सापडला तो अमेरिकेतल्याच रानटी द्राक्षाच्या खुंटावर कलम करण्याचा. आपल्याकडे वेगळ्या कारणासाठी, म्हणजे कमी पाणी आणि खारट जमीन सोसावी म्हणून, जो डॉगरीज खुंट लावतात तोही मूळचा अमेरिकेचाच. आणि त्यावर बांधतो ती थॉमसन जात ज्या थॉमसनच्या नावाने ओळखली जाते, तो कॅलिफोर्नियाचाच शेतकरी. म्हणजे हा मुलूख वाटतो तितका परका नाही.

१९०५ साली जॅक लंडन या गाजलेल्या लेखकाने इथे जमीन घ्यायला सुरुवात केली. या खोऱ्याला तो चंद्राचं खोरं म्हणे. त्याच वर्षी त्याचं चार्मियन किटरेज हिच्याशी लग्न झालं. चार्मियन लहानपणीच आईवेगळी झाली, मावशीने तिला वाढवलं. लघुलेखन आणि टंकलेखन शिकून ती सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी करून स्वतःचं पोट भरत होती. पुढे नवऱ्याची हस्तलिखितंही तिनेच टंकलिखित केली. पण तिची खरी ओळख घोड्यावरची.

त्या काळी तिकडच्या सभ्य बाईने घोड्यावर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायचं, खाली लांबलचक झगा. अशा बसण्यात घोडा दोन्ही पायांनी आवळता येत नाही, आणि पडताना झगा खोगिरात अडकला तर बाई फरपटत जाते. चार्मियन सरळ मांड टाकून बसे. लोक नावं ठेवत, तरी तिने बैठक बदलली नाही. आपल्याला यात नवल वाटणार नाही, कारण कासोटा घालून घोड्यावर मांड टाकणाऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकतच आपण वाढलो. तिकडे मात्र ती चर्चा होण्यासारखी गोष्ट होती. एप्रिल १९०६ मध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हाही ही दोघं घोड्यांवरूनच मुलूख बघायला बाहेर पडली होती.

आता या उतारावरची आम्हाला सगळ्यात आवडलेली हकिकत. ऑक्टोबर १९११ मध्ये कॅलिफोर्नियात बायकांना मताचा हक्क द्यायचा की नाही, यावर मतदान होतं. मत अर्थातच फक्त पुरुषांनी द्यायचं. जॅक घोड्यावर बसून डोंगर उतरला, गावात गेला आणि बायकांच्या बाजूने मत देऊन परत आला. जाताना-येताना तो प्यायलाही होता. घरी चार्मियनला नवल वाटलं, कारण आधी तो याच्या विरोधात असे. त्याने कारण सांगितलं ते असं, की बायकांच्या हाती मत आलं की त्या दारू बंद करतील. दारू आपल्याला सोडत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. हे सगळं त्याने स्वतःच ‘जॉन बार्लीकॉर्न’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आडव्या बाटलीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या सख्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. बायकांचा तो हक्क राज्यभरातून अवघ्या ३,५८७ मतांनी मंजूर झाला. पुढे १९२० ते १९३३ अमेरिकाभर दारूबंदी होती आणि सोनोमातल्या बहुतेक वाइनरी बंद पडल्या. बंदी उठली आणि वाइन परत आली. त्या बंदीने काय साधलं यावर आमच्या गटात दोन तट आहेत, तो वाद आज नको.

जॅकची शेतीही बघण्यासारखी होती. आधीच्या लोकांनी पिळून काढलेली जमीन त्याने सुधारायला घेतली. कोरियात पाहिलेल्या पद्धतीने उतारावर ताली घातल्या, हिरवळीचं खत गाडलं, नांगरासाठी दणकट शायर घोडे पाळले. पण तो लिहायला बसायचा, बाहेर फिरायचा; शेताचा कारभार बघायची त्याची सावत्र बहीण एलायझा शेपर्ड. मजूर, जनावरं, हिशोब, सगळं तिच्याकडे.

१९१३ साली त्यांचं नवं दगडी घर राहायला जाण्याआधीच जळून गेलं. भिंती अजून उभ्या आहेत. १९१६ मध्ये चाळिसाव्या वर्षी जॅक गेला. पंचेचाळिशीतल्या चार्मियनने तिथेच दुसरं दगडी घर बांधलं, पुस्तकं लिहिली, नवऱ्याचे कागद आणि वस्तू जपल्या. आपल्यामागे या घराचं संग्रहालय व्हावं, असं तिने ठरवून ठेवलं होतं. ती १९५५ मध्ये वारली, आणि त्यानंतर काही वर्षांतच तिथलं उद्यान सरकारने लोकांसाठी खुलं केलं. आज त्या घरात संग्रहालय आहे.

सगळं सुरळीत चाललं असं नाही. २०११ साली राज्य सरकारने पैसा नाही म्हणून ७० उद्यानं बंद करायची यादी काढली. त्यात हे होतं. ज्या गावात पाहुणे वाइन आणि रानासाठी येतात, तिथे रानाला कुलूप लागलं तर खाणावळवाल्यापासून घोडेवाल्यापर्यंत सगळ्यांचा धंदा बसतो. तेव्हा नव्या कायद्याचा आधार घेऊन गावच्याच एका स्वयंसेवी संस्थेने २०१२ मध्ये उद्यान चालवायला घेतलं. देणग्या, प्रवेशाचा पैसा आणि गावकऱ्यांचं फुकटचं श्रमदान, यावर ते उघडं राहिलं. वाटा साफ करायला आणि पाहुण्यांना माहिती द्यायला स्वयंसेवक येतात.

या वाटांवर तीन प्रकारचे लोक भेटतात, पायी जाणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार. कॅलिफोर्नियाच्या रानवाटांवर नेम असा आहे की सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला वाट द्यायची, आणि घोडा आला की दोघांनीही बाजूला व्हायचं.