१६६५ चा लंडनमधील प्लेग आणि औषधविक्रेत्यांचा अधिकार

महामारीच्या काळात निरनिराळ्या व्यवसायांच्या मर्यादा कशा बदलतात, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न होय. वैद्याने रोग ओळखून औषध लिहून द्यावे आणि औषधकाराने ते सिद्ध करून द्यावे, ही विभागणी एरव्ही स्वाभाविक वाटते. परंतु साथ आली की ती जशीच्या तशी टिकत नाही. १६६५ साली लंडनमध्ये उद्भवलेला प्लेग हे याचे एक बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत टिपणात त्याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

त्या काळी लंडनमध्ये वैद्यकीचा अधिकार १५१८ साली स्थापन झालेल्या वैद्यांच्या कॉलेजकडे होता. औषधविक्रेते, म्हणजे तेथील भाषेत ‘अपॉथेकरी’, हे प्रथम किराणा व्यापाऱ्यांच्या संघात मोडत. १६१७ साली पहिल्या जेम्स राजाच्या सनदेने त्यांची स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली. पुढच्याच वर्षी कॉलेजने आपली औषधसंहिता प्रसिद्ध केली. औषधे कोणती व कशी करावीत हे वैद्यांनी ठरवावे आणि औषधकाराने ते पाळावे, असा या व्यवस्थेचा आशय होता. व्यवहारात मात्र वैद्याची फी ज्यांना परवडत नसे, ते लोक दुकानातच सल्ला विचारीत आणि तो त्यांना मिळतही असे.

१६६५ च्या उन्हाळ्यात साथीने जोर धरला. राजा दुसरा चार्ल्स आपल्या दरबारासह शहर सोडून गेला. धनिक गेले आणि त्यांच्यामागोमाग कॉलेजचे अनेक सभासदही गेले. सप्टेंबरमधील एका आठवड्यात प्लेगने ७,१६५ मृत्यू झाल्याची नोंद आहे. वर्षभरात ६८,५९६ मृत्यू प्लेगच्या नावे नोंदले गेले. प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असली पाहिजे. अशा शहरात रोग्यांनी जावयाचे कोठे? दुकान जेथे उघडे होते, तेथे ते गेले.

अशा दुकानदारांपैकी एकाचे लेखन आज उपलब्ध आहे. सेंट जाइल्स या भागात, जेथे साथ आरंभीच पसरली, विल्यम बॉगहर्स्ट नावाचा अपॉथेकरी राहत असे. त्याने आपले अनुभव ‘लोइमोग्राफिया’ या ग्रंथात लिहून ठेवले. ते हस्तलिखित १८९४ साली प्रथम छापले गेले. आपण दिवसाला चाळीसएक व्रण धूत-बांधीत होतो, रोग्यांना अंथरुणात धरून बसवीत होतो, त्यांची नाडी पाहत होतो, मरणाऱ्यांच्या उशाशी बसून शेवटी त्यांचे डोळे मिटीत होतो, असे तो सांगतो. ज्याने एखादा व्यवसाय पत्करला त्याने त्यातील सुखाबरोबर दुःखाचा वाटाही उचलला पाहिजे, हे त्याचे मत होते. औषधे कुटून देणारा मनुष्य येथे वैद्य, शुश्रूषक आणि साक्षीदार अशा तिन्ही भूमिकांत दिसतो.

तथापि या साधनाचा उपयोग सावधगिरीने करावयास हवा. याच बॉगहर्स्टने त्या उन्हाळ्यात वृत्तपत्रातून आपल्या औषधांची जाहिरातही केली होती. परोपकार आणि धंदा यांची येथे सरमिसळ आहे. शिवाय त्या काळची अफूमिश्रित पाके व काढे प्लेगवर निरुपयोगी होते, हेही आज आपल्याला ठाऊक आहे. ‘वैद्य पळाले, औषधविक्रेते राहिले’ हे सूत्रही पूर्णपणे खरे नाही. नथॅनिएल हॉजेससारखे वैद्य शहरात राहून रोग्यांना तपासत होते. उलट, ज्याची सारी मिळकत दुकानातील बरण्यांत अडकली होती, त्याला शहर सोडणे वैद्याइतके सोपे नव्हते. म्हणून औषधविक्रेत्यांचे राहणे हा केवळ शौर्याचा प्रश्न नसून त्यांच्या व्यवसायाच्या रचनेचाही प्रश्न होता, असे म्हणावयास हरकत नाही.

साथ ओसरल्यावर संघर्ष उफाळला. कॉलेजच्या ग्रंथालयाचा रक्षक क्रिस्तोफर मेरेट हा साथीच्या वेळी शहराबाहेर गेला होता आणि तेवढ्यात कॉलेजची मौल्यवान चीजवस्तू चोरीस गेली होती. त्यानेच १६६९ साली औषधविक्रेत्यांच्या लबाडीवर एक पुस्तिका लिहिली. पुढच्या वर्षी जोनाथन गॉडर्डने वैद्यांनी आपली औषधे स्वतःच करावीत असे प्रतिपादन केले. अखेर विल्यम रोझ या अपॉथेकरीवर, वैद्याच्या लेखी आदेशावाचून एका खाटकाला औषधे दिल्याबद्दल, कॉलेजने खटला भरला. खालच्या न्यायालयात कॉलेज जिंकले. परंतु १७०४ साली उमरावांच्या सभेने तो निर्णय फिरविला. प्लेगमुळेच हा निकाल लागला असे मानणे धाडसाचे होईल. कारण ही प्रथा साथीपूर्वीपासून वाढत होती. साथीने तिची अपरिहार्यता सर्वांच्या नजरेस आणली, इतकेच.

या निकालातील एक बाब विशेष मननीय आहे. अपॉथेकरीला रोग्यावर उपचार करण्याची मोकळीक मिळाली. मोबदला मात्र औषधांचाच, सल्ल्याचा नव्हे. परिणामी, ज्याला रोग्याशी नुसते चार शब्द बोलावयाचे असत, त्यालाही बाटली भरून देणे भाग पडे. ज्ञानाला किंमत नाकारली की ती वस्तूच्या किमतीत लपून वसूल होते.

२०२० साली कोविडच्या साथीत हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. मार्चमध्ये भारत सरकारने औषधे घरपोच देण्यास परवानगी दिली. फ्रान्समध्ये औषधनिर्मात्यांना हात निर्जंतुक करण्याचे द्रावण दुकानातच बनविण्याची मुभा मिळाली. जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडमधील औषधांच्या दुकानांतून लस टोचली जाऊ लागली. सतराव्या शतकात कृती आणि कायद्याची मान्यता यांत एकोणचाळीस वर्षांचे अंतर पडले. आता ते काही आठवड्यांवर वा महिन्यांवर आले. परंतु दुकानाच्या फळीपलीकडून दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचे मोल आजही पुष्कळ ठिकाणी विक्रीतील नफ्यातूनच निघते. साथीत वाढविलेल्या कर्तव्यांची बेरीज करणे सोपे आहे. साथ सरल्यावर त्यांतील कोणती कर्तव्ये हक्क म्हणून उरली, हे तपासणे हे अभ्यासकाचे खरे काम होय.