रॉक संगीतवृंद, अभिजात
रॉक संगीतवृंद, अभिजात : साधारणतः १९६० ते १९८० या काळात उदयास आलेले व मूळ श्रोतृपिढी मागे पडल्यानंतरही आवडीने ऐकले जाणारे रॉक संगीताचे वृंद. विद्युत् गिटार, बास गिटार, ड्रम व गायन ही त्यांची मूलभूत रचना होय. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड व क्वीन हे ब्रिटिश आणि ईगल्स हा अमेरिकन वृंद ही त्यांची ठळक उदाहरणे होत. लोकप्रिय संगीत सामान्यतः अल्पायुषी मानले जाते. हे वृंद त्याला अपवाद का ठरले, हा संगीताच्या सामाजिक इतिहासातील लक्षणीय प्रश्न आहे.

या टिकाऊपणाचे मूळ मुख्यतः निर्मितिपद्धतीत सापडते. पाश्चात्त्य अभिजात संगीत स्वरलेखनाच्या आधारे टिकले, तर हिंदुस्थानी संगीत गुरुमुखातून. रॉक संगीतात मात्र ध्वनिमुद्रण हीच मूळ कृती ठरली. १९४८ मध्ये आलेल्या दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि सलग, विस्तृत रचनेला अवसर मिळाला. बीटल्सने ऑगस्ट १९६६ नंतर दौरे थांबविले आणि लंडनमधील ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात चारपदरी यंत्रावर, ध्वनीचे थर एकमेकांवर चढवीत सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड (१९६७) ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. हा वृंद १९७० मध्ये विघटित झाला, तरी कृती अबाधित राहिली. पिंक फ्लॉइडची द डार्क साइड ऑफ द मून (१९७३) ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील बिलबोर्ड नियतकालिकाच्या विक्रीक्रमसूचीत आजवर एकूण नऊशेहून अधिक आठवडे राहिली आहे.

प्रत्येक नव्या माध्यमाने या कृतींचे जणू पुनर्मुद्रण केले. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि अनेकांनी घरात असलेलेच संगीत पुन्हा विकत घेतले. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिका १९८७ मध्ये सीडीवर, २०१० मध्ये आयट्यून्सवर आणि डिसेंबर २०१५ मध्ये आंतरजालावरील श्रवणसेवांवर उपलब्ध झाल्या. अमेरिकेत १९८० च्या दशकात केवळ जुने रॉक संगीत प्रक्षेपित करणारी नभोवाणी केंद्रे रूढ झाली आणि ‘क्लासिक रॉक’ ही संज्ञा प्रचारात आली. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणांवरील हक्काची मुदत २०१३ मध्ये ५० वरून ७० वर्षे करण्यात आली. त्यामुळे जुन्या संगीताचे व्यापारी मूल्य टिकून राहिले. चित्रपटांचाही हातभार लागला. क्वीनचे बोहेमियन ऱ्हॅप्सडी हे गीत १९७५ मध्ये व फ्रेडी मर्क्युरीच्या निधनानंतर १९९१ मध्ये, असे दोनदा ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर आले. त्याच नावाच्या चित्रपटाने (२०१८) ते आणखी एका पिढीपर्यंत पोहोचविले.

भारताचाही या इतिहासाशी संबंध आहे. मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा. त्याचे शालेय शिक्षण पाचगणी येथे झाले व तेथेच तो हेक्टिक्स या शालेय वृंदात पियानो वाजवू लागला. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. रोलिंग स्टोन्सचा मुंबईतील कार्यक्रम २००३ मध्ये, म्हणजे वृंदाच्या स्थापनेनंतर ४१ वर्षांनी झाला.

बीटल्सचे नाऊ अँड देन हे गीत नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. जॉन लेननने (मृत्यू १९८०) घरी केलेल्या जुन्या ध्वनिफितीतील आवाज संगणकाने पियानोच्या ध्वनीपासून वेगळा काढून ते पूर्ण करण्यात आले. कलावंत गेला, तरी ध्वनिमुद्रण उरते, याचे हे टोकाचे उदाहरण होय.

तथापि टिकून राहणे हा गुणवत्तेचा एकमेव पुरावा नव्हे. माध्यमे ज्यांची पुनरावृत्ती करतात, तेच स्मरणात राहतात. रोलिंग स्टोन्सने आपले नावच मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाच्या गीतावरून घेतले होते. १९४० च्या दशकात विद्युत् गिटार वाजवून गाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प या कृष्णवर्णीय कलावतीला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले ते २०१८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. अभिजात रॉक वृंदांची थोरवी निर्विवाद असली, तरी त्यांच्या चिरंतनत्वामागे कलेइतकाच जतन व निवड यांचा वाटा आहे. आणि जे निवडले गेले नाही, तेही या संगीताच्या इतिहासाचाच भाग होय.