आधुनिक आई : एक जुने व्यंगचित्र

इ. स. १७९६ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये जेम्स गिलरे या चित्रकाराचे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. डोक्यावर पिसांचा तुरा मिरवणारी एक श्रीमंत माता सजून बसली आहे. दासीने धरलेले मूल तिच्या झग्याला मुद्दाम ठेवलेल्या फटीतून दूध पीत आहे. खिडकीबाहेर गाडी तिष्ठत आहे. भिंतीवरील तसबिरीत मात्र एक साधी स्त्री बाळाला पाजीत आहे.

श्रीमंतांची मुले तेव्हा बहुधा दाईच्या दुधावर वाढत. आईनेच पाजावे, असा आग्रह रूसोने १७६२ मध्ये धरला होता. पुढे त्या उपदेशाचीच फॅशन झाली. गिलरेचे बोट नेमके तेथे आहे : मुलाला आईचे दूध मिळाले, मांडी मात्र मिळाली नाही.